अंगठा आणि अमानत

अबू बक्र मुहम्मद इब्न झकरिया अल-राझी यांचे नाव आपल्याकडच्या व्याख्यानांत आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत नेहमी घेतले जाते. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी रय आणि बगदाद इथल्या रुग्णालयांचे ते प्रमुख होते. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत, हे त्यांनी नीट मांडले. त्यांच्या टिपणांतून पुढे 'अल-हावी' हा अवाढव्य ग्रंथ तयार झाला. त्या ग्रंथात सरसामविषयी एक नोंद आहे. सरसाम म्हणजे ढोबळमानाने आजच्या भाषेतला मेनिंजायटिस, मेंदूच्या आवरणाला येणारी सूज. या आजाराची लक्षणे दिसू लागलेल्या रुग्णांचे राझींनी दोन गट केले. एका गटाचे रक्त काढले. दुसऱ्याचे मुद्दाम काढले नाही. रक्त काढल्याने खरोखर गुण येतो का, हे त्यांना तुलना करून पाहायचे होते. उपचाराची पारख दोन गट करून घ्यावी, या विचाराचे इतके जुने उदाहरण क्वचितच सापडते. म्हणून आम्ही ते अभिमानाने सांगतो.

अभिमान योग्यच आहे. पण त्या नोंदीत एक प्रश्न दडलेला आहे आणि तो आम्ही सहसा विचारत नाही. रक्त काढल्याने रुग्ण वाचतो, अशी राझींची समजूत होती. मग ज्यांचे रक्त काढले नाही, त्या माणसांना कुणी काही सांगितले होते का? त्यांची इजाजत घेतली होती का? नोंद त्याबद्दल गप्प आहे. असे विचारण्याची रीत त्या काळी जगात कुठेच नव्हती. त्यामुळे राझींना आजच्या न्यायालयात उभे करणे अन्यायाचे होईल. शिवाय रक्त काढणे हा त्या आजारावरचा उपाय नव्हेच, हे आज कळले आहे. तेव्हा ज्यांना वगळले, तेच कदाचित नशीबवान ठरले असतील. तरीही प्रश्न उरतो. ज्या माणसाच्या शरीरावर ज्ञानाची परीक्षा होते, त्याला त्या परीक्षेची खबर असायला हवी की नको?

हजार वर्षांनंतर हाच आजार आणि हाच प्रश्न एका मुस्लिम शहराच्या वाट्याला आला. त्याची हकिकत आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी.

कानो हे उत्तर नायजेरियातले मोठे शहर. तिथली वस्ती मुख्यतः हौसा मुसलमानांची. १९९६ च्या पहिल्या काही महिन्यांत नायजेरियात मेनिंजायटिसची भयंकर साथ आली आणि ११ हजारांहून अधिक माणसे दगावली. कानोच्या संसर्गजन्य रोगांच्या सरकारी रुग्णालयात खाटा पुरेनात. आया पोरांना पाठुंगळीला बांधून आवारात बसून होत्या. 'मेदसाँ सां फ्राँतिए' या संस्थेचे डॉक्टर त्याच रुग्णालयात क्लोरँफेनिकॉल हे जुने, पारखलेले औषध मोफत देत होते. त्या गर्दीत एप्रिलमध्ये फायझर या अमेरिकी कंपनीची तुकडी आली. ट्रोव्हाफ्लॉक्सासिन, म्हणजे ट्रोव्हान, हे कंपनीचे नवे औषध अजून कुठल्याही देशात मंजूर झालेले नव्हते. तुकडीने २०० मुले निवडली. शंभरांना ट्रोव्हान दिले. शंभरांना सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे प्रचलित औषध. काही आठवड्यांत काम आटोपून तुकडी परतली. साथ मात्र चालूच होती.

त्या दोनशेपैकी ११ मुले दगावली. ट्रोव्हानच्या गटातली पाच, दुसऱ्या गटातली सहा. आणखी काही मुले बहिरी, आंधळी किंवा पांगळी झाली, असे कुटुंबांचे म्हणणे. तुलनेच्या औषधाची मात्रा मुद्दाम कमी ठेवली, असाही आरोप झाला. कंपनीने सगळे आरोप नाकारले. मृत्यू आणि अपंगत्व आजारामुळे आले. आईबाप निरक्षर होते म्हणून परिचारिकांनी त्यांना हौसा भाषेत तोंडी समजावून सांगितले आणि त्यांनी होकार दिला. चाचणीमुळे मुलांचे जीव वाचले, असा तिचा पक्ष होता. सहीचे किंवा अंगठ्याचे संमतिपत्र मात्र नव्हते. २००० च्या डिसेंबरात 'वॉशिंग्टन पोस्ट'ने हे प्रकरण उघड केले. चाचणीला मंजुरी दिल्याचे कानोतल्या एका शिक्षण-रुग्णालयाच्या नैतिक समितीचे पत्र मागची तारीख टाकून नंतर तयार केले होते आणि त्या तारखेला अशी समितीच तिथे नव्हती, हेही बाहेर आले. नायजेरियाच्या सरकारी चौकशीचा अहवाल पाच वर्षे दडून राहिला. २००६ मध्ये तो उजेडात आला, तेव्हा त्यात या चाचणीला बेकायदा म्हटल्याचे दिसले. २००९ मध्ये कंपनीने कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली, दोष मान्य न करता. भरपाई मागणाऱ्या कुटुंबांना आपले मूल खरोखर त्या चाचणीत होते हे सिद्ध करण्यासाठी डीएनए तपासणीला सामोरे जावे लागले. औषध देताना कागद नव्हता. पैसे देताना मात्र रक्ताचा पुरावा लागला.

आता नीट विचार करू. इथे नेमके चुकले काय? सहा आणि पाच हे आकडे पाहून कुणी म्हणेल की नवे औषध जुन्यापेक्षा वाईट ठरले नाही, मग तक्रार कसली? हा युक्तिवाद ताकदीचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. समजा, एकही मूल दगावले नसते. समजा, शंभरही मुले ठणठणीत होऊन घरी गेली असती. तर अन्याय झाला नाही, असे आम्ही म्हणू शकलो असतो काय?

आमचे उत्तर 'नाही' असे आहे. आपले पोर घेऊन आलेली बाई उपचार मागत होती. तिच्यासमोर ठेवली ती परीक्षा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तीच खाट, तीच सुई, तोच पांढरा कोट. पण उपचारात डॉक्टरच्या मनात एकच प्रश्न असतो, की या पोराला काय दिले तर ते बरे होईल. परीक्षेत दुसराही एक प्रश्न येतो, की या पोरावरून आपल्याला काय कळेल. दुसरा प्रश्न वाईट नाही. पण तो पहिल्याच्या शेजारी येऊन बसला आहे, हे त्या बाईला कळण्याचा हक्क होता. आणि त्याच रुग्णालयात दुसरे डॉक्टर जुने औषध फुकट देत आहेत, हेही. 'हे औषध नवे आहे, याने काय होईल ते आम्ही पाहत आहोत. नको असेल तर पलीकडे जुने औषध मिळते.' एवढे तिला कळले असते आणि मग ती 'द्या' म्हणाली असती, तर तो होकार ठरला असता. कुटुंबांनी शेवटपर्यंत हेच सांगितले, की पलीकडचे दार आम्हांला कुणी दाखवलेच नाही. ज्याला नकार देता येतो हे माहीतच नाही, त्याच्या होकाराला होकार म्हणता येत नाही.

शिकलेली माणसे यावर एक ठरलेले उत्तर देतात: अडाणी माणसाला काय समजावणार, आणि साथीच्या दिवसांत वेळ कुणाला असतो? हे खरे मानायला आम्ही तयार नाही. भिवंडीचा निरक्षर यंत्रमाग कामगार सुताचा नंबर आणि उधारीची मुदत तुमच्या-आमच्यापेक्षा चांगली ओळखतो. मालेगावची न शिकलेली आई लेकीच्या स्थळाची चार घरी चौकशी केल्याशिवाय हो म्हणत नाही. या माणसांना 'नवे' आणि 'जुने', 'पारखलेले' आणि 'न पारखलेले' यांतला फरक कळत नाही? कळतो. सांगणाऱ्याला सांगायचे नसते, एवढीच अडचण असते.

आपल्या देशातही हे घडले आहे. २००९-१० मध्ये आंध्रच्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यात हजारो किशोरवयीन मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लस एका अभ्यास-प्रकल्पात टोचली गेली. त्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. काही मुलींचे मृत्यू झाले. लशीचा त्यांच्याशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालातून एक गोष्ट पुढे आली: अनेक संमतिपत्रांवर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. लस उपयोगी आहे, ती पुढे जगभर दिली गेली. पण दुसऱ्याच्या लेकीच्या शरीराबद्दल सही करण्याचा अधिकार वॉर्डनला कुणी दिला?

मग काय, सगळ्या चाचण्यांना नकारच द्यावा? आपल्या मोहल्ल्यांत असे म्हणणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांचा राग आम्हांला समजतो. पण त्या रागाचा हिशेब कुणी चुकवला, तेही पाहिले पाहिजे.

२००३ मध्ये कानोसह उत्तर नायजेरियातल्या काही राज्यांनी पोलिओची लस थांबवली. लशीत वंध्यत्व आणणारे द्रव्य आहे, हा कट आहे, असे सांगितले गेले. तपासण्यांत तसे काही निघाले नाही. पण ट्रोव्हानची आठवण ताजी होती आणि त्या संशयाला तिने खतपाणी घातले, असे अनेक अभ्यासकांनी लिहिले आहे. जवळजवळ वर्षभर कानोत लस बंद राहिली. २००४ च्या जुलैमध्ये ती पुन्हा सुरू झाली, तीही मुस्लिम देशातली म्हणून इंडोनेशियात बनलेली लस आणल्यावर. तोपर्यंत उत्तर नायजेरियाचा विषाणू अनेक देशांत पसरला होता. २००५ मध्ये तो इंडोनेशियात पोहोचला. तिथे १९९५ पासून पोलिओचा रुग्ण नव्हता. सुमारे तीनशे मुलांना पोलिओ झाला. ज्या देशाने विश्वासाची लस पाठवली, त्याच देशाच्या लेकरांना अविश्वासाचा विषाणू भेटला. आफ्रिका खंड नैसर्गिक पोलिओ विषाणूपासून मुक्त झाल्याचे जाहीर व्हायला २०२० चा ऑगस्ट उजाडला. आपल्याकडेही 'दो बूंद'बद्दल तशाच अफवा होत्या. डॉक्टर, शिक्षक आणि मशिदींचे इमाम दारोदार फिरले, तेव्हा कुठे भारतातला शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत नोंदला गेला.

म्हणजे एका रुग्णालयात न विचारता घेतलेल्या होकाराची किंमत चाचणीतल्या दोनशे मुलांनीच मोजली असे नाही. चाचणीनंतर जन्मलेल्या, दुसऱ्या खंडात राहणाऱ्या मुलांनीही ती मोजली. विश्वास ही एका माणसाची मालमत्ता नाही, ती सगळ्या समाजाची ठेव आहे. ती एकदा लुटली गेली, की चांगले औषध घेऊन येणाऱ्यालाही दार उघडत नाही.

आमच्या मुंबईनेही हे पाहिले आहे. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या, पुढे आलेल्या कैद्यांवर तपासली गेली. गजाआडच्या माणसाचे 'पुढे येणे' कितपत स्वखुशीचे असते, हा प्रश्न तिथेही आहेच. पण परीक्षा घेणाऱ्याने ती आधी आपल्या दंडावर घेतली होती. तरुण आगाखान, सुलतान मुहम्मद शाह, यांनी हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला आणि खोजा जमातीसमोर स्वतः टोचून घेतले. जमात त्यांच्यामागून आली. याच शहरात १८९८ च्या मार्चमध्ये प्लेगची तपासणी करणारे पथक मदनपुऱ्यातल्या जुलाह्यांच्या घरी आजारी मुलीसाठी गेले आणि दंगल उसळली. गोळीबार झाला, माणसे मेली. शहर एक, साथ एक. एका ठिकाणी आपल्यातल्या माणसाने आधी आपला हात पुढे केला, दुसऱ्या ठिकाणी सरकारचा हात घरात शिरला. जुलाहे अडाणी आणि खोजे शहाणे, असा याचा अर्थ लावणारे लावोत. आम्हांला त्यात विचारण्याचा आणि न विचारण्याचा फरक दिसतो.

दीनच्या बाजूने पाहिले तर हा प्रश्न आम्हांला परका नाही. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. वैद्यक न येता उपचार करणाऱ्यावर नुकसानीची जबाबदारी हदीसने टाकली आहे. हंबली फकीह इब्न कुदामा यांनी आठशे वर्षांपूर्वी याच्याही पुढचे लिहिले: हकीम कुशल असला तरी रुग्णाच्या किंवा त्याच्या वलीच्या इज्नशिवाय त्याने शस्त्र चालवले आणि नुकसान झाले, तर तो जबाबदार. कौशल्य आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीने दुसरीची भरपाई होत नाही. न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने नाझी डॉक्टरांच्या खटल्यात १९४७ साली जी दहा सूत्रे घातली, त्यांतले पहिलेच सूत्र माणसाच्या स्वेच्छेच्या संमतीचे आहे. आमच्या फिकहला ते नवखे वाटायला नको.

इथे कुणी विचारील, शरीर अमानत आहे तर ते चाचणीला देण्याचा अधिकार तरी आम्हांला कुठे? प्रश्न रास्त आहे. पण बुडणाऱ्याला वाचवायला पाण्यात उडी घेणारा अमानतीत खयानत करतो, असे कुणी म्हणत नाही. धोका आणि लाभ तोलून, डोळे उघडे ठेवून दुसऱ्यासाठी जोखीम घेणे हा सदकाच आहे. आपण तापात जी गोळी गिळतो, तिच्यामागे कुठल्या तरी अनोळखी रुग्णाने घेतलेली जोखीम असते. त्या रुग्णाचे कर्ज आपल्यावर आहे. औषधाचे ज्ञान वाढवणे फर्ज-ए-किफाया मानले, तर ते दुसऱ्यांनीच फेडावे असे म्हणणे न्यायाचे नाही. म्हणून चाचणीत भाग घेणे हराम आहे, असे सरसकट सांगणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. मात्र जाणून दिले तर सदका, न सांगता घेतले तर चोरी. कागदावरचा अंगठा दोन्ही वेळा सारखाच उमटतो. आणि मूल असेल तर तोल आणखी कडक हवा, कारण वलीला स्वतःचे देता येते, पोराचे उदारपणे देता येत नाही.

'शिफा अल्लाहच्या हाती' म्हणून कागद न वाचता अंगठा देणे हा तवक्कुल नव्हे. उंट आधी बांधायचा असतो.

आता आपल्या दवाखान्यांकडे येऊ. सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात कोण असते, हे सांगायला नको. रिक्षावाला, बिडी वळणारी बाई, मागावरचा पोरगा. घरी दखनी, डॉक्टर बोलतात इंग्रजी-मराठी. नातेवाईक एवढेच म्हणतात, "डॉक्टरसाब जो बोलेंगे." नाही म्हटले तर खाट जाईल, ही भीती मनात. ही भीती दूर करण्यासाठीच कायदा आहे. २०१९ च्या नव्या औषधांच्या आणि क्लिनिकल ट्रायलच्या नियमांनुसार संमती लेखी हवी आणि ती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत समजावून घेतलेली हवी. वाचता न येणाऱ्यासाठी निःपक्ष साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च आणि मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर भरपाई देणे बंधनकारक आहे. प्रत्येक चाचणीला नैतिक समितीची मंजुरी लागते. त्या समितीत निम्मे सदस्य तरी संस्थेबाहेरचे हवेत आणि एक सामान्य नागरिक हवा. समाजशास्त्रज्ञ, नीतितज्ज्ञ किंवा धर्मशास्त्राचा जाणकार यांच्यासाठीही तिथे जागा ठेवलेली आहे.

त्या जागांवर आपली किती माणसे बसतात? मशिदीच्या ट्रस्टवर बसायला आपल्याकडे रांग लागते. वक्फच्या वादात आपण आयुष्ये घालवतो. पण जिथे गरिबाच्या शरीराबद्दल निर्णय होतात, त्या टेबलाशी आपला शिक्षक, आपला वकील, आपला आलिम दिसत नाही. निःपक्ष साक्षीदार म्हणून निरक्षर खालाच्या शेजारी तासभर बसायला, तिला दखनीत कागद समजावायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. चार प्रश्न पुरेत. हा इलाज आहे की चाचणी? यात नाही भाग घेतला तर दुसरा कोणता इलाज मिळेल? काही बिघडले तर कोण पाहील? मधूनच नको म्हटले तर चालेल का? ही चार उत्तरे स्वच्छ मिळाली, तर आपणच म्हणावे, "खाला, हवे तर द्या अंगठा, तुमच्यामुळे उद्या कुणाचे तरी पोर वाचेल." न मिळाली, तर तिचा हात हळूच मागे घ्यावा.

राझींचा वारसा सांगायचा तर तो असा पूर्ण करायला हवा. त्यांनी दोन गट करून औषधाला प्रश्न विचारला. त्या दुसऱ्या गटातल्या माणसालाही विचारणे हे काम त्यांच्यानंतर आलेल्यांचे होते. कानोत ते झाले नाही. आपल्या शहरातल्या वॉर्डात ते व्हावे असे वाटत असेल, तर खालाच्या शेजारची ती खुर्ची आपल्यालाच भरावी लागेल.